गांधीलमाशीच्या वेशातील पतंग : ओळख आणि शोध

सेसिइडी कुलातील पतंगांचे पंख बहुतांशी पारदर्शक असतात. अनेक जातींच्या अंगावर काळे-पिवळे पट्टेही असल्याने ते प्रथमदर्शनी गांधीलमाशीसारखे भासतात. नांगी मात्र त्यांना नसते. भक्षकाला डंखाचे भय वाटावे, एवढेच या सोंगाचे प्रयोजन. अशा अनुकरणाची उपपत्ती हेन्री वॉल्टर बेट्स या निसर्गशास्त्रज्ञाने १८६२ मध्ये अ‍ॅमेझॉन खोऱ्यातील फुलपाखरांच्या आधारे मांडली.

युरोपातील सेसिया अपिफॉर्मिस हा या कुलातील सुपरिचित पतंग होय. ओळखीची पहिली खूण म्हणजे कंबर. गांधीलमाशीची कंबर अत्यंत बारीक असते. पतंगाचे उदर छातीला सलग जोडलेले असते. त्याच्या पंखांच्या कडांवर व शिरांवर तपकिरी खवले दिसतात.

प्रौढ पतंग थोडेच दिवस जगतो. त्यामुळे शोध घ्यावा तो झाडावरील खुणांचा. त्याची अळी पॉपलरच्या बुंध्याशी व मुळांत दोन ते तीन वर्षे लाकूड पोखरते. उन्हाळ्याच्या आरंभी सकाळी पतंग बाहेर पडतो आणि पंख वाळेपर्यंत खोडावर बसून राहतो. मागे उरते गोल छिद्र, क्वचित त्यात अडकलेली कोषाची रिकामी कात. छिद्रे वर्षभर दिसतात.

भारतात याच कुलातील मेलिटिया पतंगाची अळी पडवळ, तोंडली यांच्या वेलींत शिरते व खोडावर गाठी आणते.

खोडावरील खुणा वाचण्याची हीच रीत मध्य प्रदेशातील तिगावसह पांढुर्णा-सौंसर या संत्रापट्ट्यात उपयोगी पडते. तेथील शत्रू वेगळा आहे. इंदरबेला ही साल खाणारी अळी साध्या, फिकट तपकिरी पतंगाची असून तिचा पतंग गांधीलमाशीचे सोंग घेत नाही. फांद्यांच्या बेचक्यात छिद्र आणि सालीवर रेशीम, भुसा व विष्ठा यांची जाळी, ही तिची खूण. दिवसा ती छिद्रात दडते, रात्री जाळीखाली साल खाते. परिणामी फांदी दुर्बळ होते. जाळी काढून छिद्रात तार घालावी, रॉकेलचा बोळा बसवून ते चिखलाने लिंपावे.

खोडाजवळ घिरट्या घालणारी गांधीलमाशी या नुकसानीची कारण नव्हे. ती अळ्यांची शिकार करते. म्हणून तिला मारण्यापूर्वी छिद्र पाहावे.