डिरेक्टरी खात्यांची आयात : परवानगीच्या चुका

संस्थेच्या मध्यवर्ती डिरेक्टरीत वापरकर्त्यांची खाती घाऊक भरताना, किंवा तिथून दुसऱ्या प्रणालीत उतरवून घेताना, अपुऱ्या अधिकारांमुळे येणाऱ्या अडचणी. लॉगिन होते, पण पुढचे काम नाकारले जाते, हे त्यांचे मुख्य लक्षण.

पार्श्वभूमी : डिरेक्टरीचे एक्स.५०० हे मानक १९८८ मध्ये आले. ते जड असल्याने मिशिगन विद्यापीठात १९९३ च्या सुमारास एलडॅप हा सुटसुटीत प्रोटोकॉल तयार झाला. मायक्रोसॉफ्टची ॲक्टिव्ह डिरेक्टरी आणि मुक्तस्रोत ओपनएलडॅप त्यावरच चालतात.

स्वरूप : डिरेक्टरीची रचना झाडासारखी असते आणि अधिकार फांदीफांदीवर वेगळे देता येतात. उदाहरणार्थ, यवतमाळ जिल्ह्यात १६ तालुके आहेत. जिल्हाभर पसरलेल्या एखाद्या संस्थेने पुसद, वणी, उमरखेड अशी तालुकावार युनिटे केली आणि फक्त पुसदचे अधिकार असलेल्या खात्याने वणीची यादी चालवली, तर सर्व्हर ५० क्रमांकाची, म्हणजे अपुऱ्या अधिकारांची चूक देतो. विंडोजचे एलडीआयएफडीई हे साधन एरवी पहिल्याच चुकीवर थांबते. त्याआधीच्या नोंदी मात्र चढलेल्या असतात. तीच फाइल पुन्हा चालवली की ६८ क्रमांकाची ‘नोंद आधीच आहे’ ही चूक येते आणि मूळ कारण झाकले जाते.

निदान : आधी क्रमांक पाहावा. ४९ आल्यास अधिकारांचा प्रश्नच नसतो. नाव किंवा पासवर्ड चुकलेला असतो, किंवा खाते बंद अथवा लॉक झालेले असते. ३२ म्हणजे ‘नोंद सापडत नाही’. पण ओपनएलडॅपमध्ये नोंदीचे अस्तित्व कळण्याइतकाही अधिकार नसला, तर नोंद असूनही हेच उत्तर मिळते. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत पासवर्ड साध्या, कूटबद्ध नसलेल्या जोडणीवरून पाठवल्यास ५३ क्रमांकाचा नकार येतो. तिथे अधिकार वाढवून उपयोग नसतो, सुरक्षित जोडणीच लागते. शोधात बरोबर १,००० खाती येऊन यादी तुटली, तर तो ॲक्टिव्ह डिरेक्टरीच्या एका पानाच्या मर्यादेचा परिणाम असतो. त्यावर पानवार शोध हा उपाय आहे.

उपाय : आयातीसाठी वेगळे सेवा-खाते करावे आणि त्याला नेमक्या युनिटवर नोंद निर्माण करण्याचा व आवश्यक रकाने लिहिण्याचा अधिकार सोपवावा. दुसऱ्या प्रणालीला खाती फक्त वाचायची असतील तर वाचनाचा अधिकार पुरतो. फ्रीआयपीए या डिरेक्टरी-प्रणालीत स्थलांतर करताना मात्र वापरलेल्या खात्याला पासवर्डचे हॅश वाचता आले पाहिजेत, नाहीतर खाती येतात आणि जुने पासवर्ड मागेच राहतात. प्रशासक गटातल्या खात्यांवर दिलेले अधिकार तासाभरात नाहीसे होत असतील, तर ती ॲक्टिव्ह डिरेक्टरीची संरक्षक यंत्रणा असते. ती दर ६० मिनिटांनी या खात्यांची परवानगी-यादी मूळपदावर आणते.

चूक टाळण्यासाठी सेवा-खात्याला थेट डोमेन ॲडमिन करण्याची पद्धत सर्रास दिसते. त्याने आयात पार पडते, पण फाइलमध्ये लिहून ठेवलेला एक पासवर्ड फुटला की सगळी डिरेक्टरी उघडी पडते. एका चाचणी-खात्यावर आयात करून पाहावी, मग यादी चालवावी आणि काम संपताच दिलेले अधिकार काढून घ्यावेत.