शेलच्या मॅन्युअलच्या आवृत्त्या

राज्यांचा इतिहास लिहितांना कालखंडांना राजांचीं नांवें देण्याचा प्रघात आहे. वाङ्मयाच्या इतिहासांत तो मान थोर ग्रंथकारांकडे जातो. युनिक्स नांवाच्या संगणक-व्यवस्थेचा इतिहास पाहूं गेल्यास मात्र एक चमत्कारिक गोष्ट आढळते. तिच्या पहिल्या दशकांतील अवस्थांना ‘पहिली आवृत्ति’, ‘चौथी आवृत्ति’, ‘सातवी आवृत्ति’ अशीं नांवें आहेत, आणि हीं नांवें मुळांत त्या व्यवस्थेच्या माहितीपुस्तकाचीं आहेत. व्यवस्था तर रोजच थोडीथोडी बदलत होती. त्या बदलांना कोणी नांव ठेवीत बसत नसे. पुस्तक नवें निघालें कीं व्यवस्था नवी झाली असें समजावयाचें! टीकाकाराच्या शकानें कवीचा काळ मोजावा, तसाच हा प्रकार झाला.

हें पुस्तक म्हणजे ‘युनिक्स प्रोग्रामर्स मॅन्युअल’. त्याच्या पहिल्या आवृत्तीवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख असून केन थॉम्प्सन व डेनिस रिची हे तिचे कर्ते. दोघेही अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्यांत मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेंत नोकरीस होते. ‘मल्टिक्स’ नांवाच्या एका अवाढव्य योजनेंतून ही प्रयोगशाळा १९६९ सालीं बाहेर पडली, तेव्हां त्या योजनेवर काम केलेल्या या मंडळींनीं पीडीपी-७ या एका लहानशा, जुन्या यंत्रावर आपला वेगळा संसार थाटला. मोठें यंत्र मागावें तर वरिष्ठ राजी होईनात. शेवटीं, लेख टंकून ते सुबक छापून देण्याची सोय करूं, असें निमित्त पुढें करून १९७० त पीडीपी-११ हें यंत्र मिळविण्यांत आलें. आणि १९७१ त कंपनीच्या पेटंट-खात्याचे टंकलेखक खरोखरीच त्यावर आपले अर्ज तयार करूं लागले. सारांश, लिहिणें व लिहिलेलें सुधारणें हा या व्यवस्थेचा जन्मापासूनचा व्यवसाय होय. तिचें मॅन्युअलही तिच्यावरच लिहिलें गेलें आणि तिच्याच प्रोग्रामनें पानांत बसविलें गेलें.

या मॅन्युअलांतील ज्या भागाविषयीं येथें विशेष सांगावयाचें आहे तो म्हणजे शेल. शेल म्हणजे कवच. परंतु त्याच्या कामाकडे पाहिल्यास त्याला दुभाष्या म्हणणें अधिक शोभेल. माणसानें एक ओळ टंकावयाची; शेलनें तिचे शब्द सुटे करावयाचे, पहिल्या शब्दाच्या नांवाचा जो प्रोग्राम असेल त्याला हांक मारावयाची आणि उरलेले शब्द त्याच्या स्वाधीन करावयाचे. ‘शेल’ ही संज्ञा लुई पूझां या फ्रेंच गृहस्थांनीं ‘मल्टिक्स’च्या रचनेविषयीं लिहितांना १९६५ च्या सुमारास योजिली. हा दुभाष्या मोठा काटेकोर असतो. अवतरणचिन्ह, तारका, रिकामी जागा या प्रत्येकीला त्याच्या लेखीं अर्थ आहे. फाइली पुसून टाकण्याची आज्ञा देतांना तारकेपुढें रिकाम्या जागेचा एक ठोका चुकून अधिक पडला, तर कांहीं ठराविक फाइलींच्या ऐवजीं सगळ्याच फाइली जातात, आणि दुभाष्या ‘खरेंच काय?’ म्हणून विचारीतही नाहीं. अशा ठिकाणीं माहितीपुस्तकांतील एक संदिग्ध वाक्य वाचकाला किती महाग पडेल, याची कल्पना येईल.

पहिल्या आवृत्तीचा घाट साधा होता. प्रत्येक आज्ञेला स्वतंत्र पान. त्यावर नांव, वापरण्याची रीत, वर्णन, संबंधित फाइली, ‘हेंही पाहा’, आणि शेवटच्या मथळ्यांपैकीं एक ‘दोष’. त्याच्या जवळच मालकाचें नांव. आपल्याकडे प्रस्तावनेच्या अखेरीस मुद्रणदोषांबद्दल वाचकांची क्षमा मागण्याची एक ठरीव तऱ्हा आहे, आणि तेवढ्यानें ग्रंथकार मोकळा होतो. येथें मात्र ज्यानें वस्तु केली त्यानेंच तिच्या पानावर तिचें व्यंग लिहावयाचें आणि खालीं आपलें नांव राहूं द्यावयाचें, अशी शिस्त होती. माझ्या मतें युनिक्सच्या कर्त्यांचें मोठेपण त्यांच्या कल्पकतेइतकेंच या एका मथळ्यांत आहे.

दुसरी आवृत्ति जून १९७२ त निघाली. तिच्या प्रस्तावनेंत युनिक्स बसविलेल्या यंत्रांची संख्या दहावर गेल्याचें नमूद आहे. फेब्रुवारी १९७३ च्या तिसऱ्या आवृत्तींत ती सोळा आहे. एवढ्या लहान बिऱ्हाडांत काय करतां येतें पाहा. डग्लस मॅकिलरॉय हे त्याच प्रयोगशाळेंतील अधिकारी. बागेंतील नळीला नळी जोडावी तसे प्रोग्राम एकमेकांना जोडतां यावेत, असें टिपण त्यांनीं १९६४ सालींच लिहून ठेविलें होतें. त्यांच्या पिच्छ्यामुळें १९७३ च्या आरंभीं थॉम्प्सन यांनीं एका रात्रींत ‘पाइप’ची सोय करून दिली: एका प्रोग्रामचें फलित थेट दुसऱ्याच्या तोंडीं जाऊं लागलें. तिसऱ्या आवृत्तींत पाइपसाठीं वापरलेलें चिन्ह जें होतें तेंच फलित फाइलींत लिहिण्यासाठींही होतें. एका चिन्हाचे दोन अर्थ! वर्णन करूं गेल्यास वाक्य लंगडें होणारच. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत चौथी आवृत्ति निघाली, तेव्हां शेलच्या पानावर पाइपसाठीं ती साधी उभी रेघ आली होती, जी आजही आहे.

मॅकिलरॉय पुढें या मॅन्युअलचे संपादक झाले. त्यांनीं एका मुलाखतींत सांगितलेली हकीकत अशी कीं, नवी आवृत्ति काढावयाची ठरली म्हणजे प्रयोगशाळेंत एकदम धांवपळ उडे. एखादी वेडीवांकडी सोय कागदावर मांडूं लागलें कीं ‘हें छापावें कसें?’ असा प्रश्न पडे, आणि मग वर्णन सजवीत बसण्यापेक्षां ती सोयच काढून टाकीत किंवा तिला सरळ करीत. म्हणजे वाक्य सुधारण्यासाठीं वस्तु सुधारावयाची! शब्दांनीं वस्तूच्या मागें जावें ही जगाची रीत. पण त्या थोड्या वर्षांत मरे हिल येथें वस्तूच मुकाट्यानें शब्दांच्या मागें चालत होती.

हा अधिकार फार काळ टिकला नाहीं. जानेवारी १९७९ च्या सातव्या आवृत्तींत स्टीव्हन बोर्न यांचा नवा शेल आला. थॉम्प्सन यांच्या शेलमध्यें ‘जर’ आणि ‘अमुक ओळीवर जा’ या गोष्टीही बाहेरचे स्वतंत्र प्रोग्राम म्हणून नांदत होत्या. बोर्न यांनीं शेलला एका पुऱ्या भाषेचें व्याकरण दिलें. ते अल्गॉल-६८ या भाषेचे भक्त असल्यामुळें, ज्या शब्दानें वाक्य उघडतें तोच उलटा करून तें मिटावयाचें, अशी तऱ्हा त्यांनीं उचलली: ‘इफ’ची अखेर ‘फाय’नें, ‘केस’ची ‘इसॅक’नें. या न्यायानें ‘डू’ची अखेर ‘ओडी’ या दोन अक्षरांनीं व्हावयास हवी होती. परंतु फाइलींतील मजकूर अष्टमान अंकांत दाखविणारा एक प्रोग्राम त्या नांवानें आधींच हजर होता आणि लोकांच्या अंगवळणीं पडला होता. तेव्हां बोर्न यांना ‘डन’ शब्दावर समाधान मानावें लागलें. सहा वर्षांपूर्वीं पाइपचें चिन्ह सहज बदलतां आलें. आतां दोन अक्षरें जागचीं हालेनात. शेलचे विद्यार्थी आजही ही विसंगति पाठ करतात.

यापुढें मॅन्युअल सुधारणें याचा अर्थच पालटला. याचें सर्वांत बोलकें उदाहरण ‘इको’ या आज्ञेचें. दिलेले शब्द परत उच्चारून दाखविणें, एवढेंच तिचें काम; शेलमध्यें याहून निरुपद्रवी आज्ञा नसेल. परंतु ओळ मोडूं नये असें सांगण्यासाठीं एका घराण्यांत एक विशिष्ट खूण शब्दांच्या आधीं लिहीत, तर दुसऱ्या घराण्यांत शब्दांतच तिरक्या रेघेचे संकेत घालीत. दोहोंकडे हजारो लोकांचें लिखाण होऊन बसलें होतें. ‘पॉझिक्स’ या नांवानें शेलचें सर्वमान्य प्रमाण ठरविणाऱ्या मंडळींनीं १९९२ त आपला ग्रंथ सिद्ध केला, पण त्यांनाही हा तंटा तोडतां आला नाहीं. अशा प्रसंगीं ‘इको’ काय करील तें त्या त्या व्यवस्थेवर अवलंबून आहे, असें नमूद करून त्यांनीं खात्रीच्या कामाला ‘प्रिंटएफ’ ही दुसरी आज्ञा वापरावी अशी शिफारस केली. न्यायाधीशानें दोन्ही पक्षांचे दाखले खरे मानून फिर्यादीला दुसऱ्या गांवीं राहावयास जाण्याचा सल्ला द्यावा, तशांतलीच ही गोष्ट.

ज्या शेलशीं आज बहुतेकांचा संबंध येतो तो ‘बॅश’. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीसाठीं ब्रायन फॉक्स यांनीं १९८८ सालीं तो लिहावयास घेतला आणि पुढील वर्षाच्या जूनमध्यें प्रसिद्ध केला. नांवांत श्लेष आहे: बोर्न यांचा शेल पुन्हां जन्मला. थोड्याच वर्षांत त्याचा भार क्लीव्हलंड येथील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठांतील चेट रेमी यांच्याकडे आला, आणि त्यांनीं तो आजतागायत वाहिला आहे. बॅशचें वैशिष्ट्य असें कीं त्याला एक सोडून दोन पुस्तकें आहेत. एक जुन्या युनिक्सच्या वळणाचें, सगळें शेल एकाच लांबलचक ‘पानां’त सांगणारें, दुसरें प्रकरणें, पोटप्रकरणें व सूचि यांनीं युक्त असा संदर्भग्रंथ. पहिलें जुन्या ट्रॉफ पद्धतीच्या संकेतांनीं लिहिलेलें, दुसरें टेक्सइन्फो पद्धतीच्या. त्यामुळें शेलमध्यें एखादा पर्याय वाढला कीं तेंच वाक्य दोन ठिकाणीं, दोन तऱ्हांच्या संकेतांत, अर्थांत तसूभर फरक न पडूं देतां घालावें लागतें. रेमी यांच्या बदलांच्या नोंदवहींत दोषदुरुस्तीच्या नोंदींच्या जोडीला या दोन पुस्तकांचीं नांवें वारंवार येतात. अशा कामाला टाळ्या मिळत नाहींत.

पाणिनीच्या सूत्रांवर कात्यायनानें वार्तिकें केलीं. वार्तिकाचें काम काय, तर उक्त, अनुक्त आणि दुरुक्त, म्हणजे सांगितलेलें, सांगावयाचें राहिलेलें आणि वाईट तऱ्हेनें सांगितलेलें, या तिहींचा विचार करणें, असें आपल्या परंपरेनें ठरविलें आहे. शेलच्या मॅन्युअलची नवी आवृत्ति करणाराचें काम याहून निराळें नाहीं. तिहींमध्यें अनुक्त सर्वांत घातक. कारण दुरुक्ताबद्दल कोणी तरी तक्रार करतो, पण जें लिहिलेंच नाहीं तें खटकणार कोणाला?

याचा प्रत्यय सप्टेंबर २०१४ त आला. एका शेलमध्यें केलेली आज्ञांची जुळणी, म्हणजे फंक्शन, त्याच्या पोटीं जन्मणाऱ्या दुसऱ्या शेलला देण्याची सोय बॅशमध्यें १९८९ पासून होती, आणि अशीं फंक्शनें देतां येतात हें मॅन्युअलांत सांगितलेलेंही होतें. तीं एका पिढींतून दुसरींत कोणत्या वेषानें जातात, ही मात्र आंतली बाब मानली गेली. प्रत्यक्षांत तीं साध्या मजकुराच्या रूपानें जात. मजकुराचा आरंभ फंक्शनासारखा दिसला कीं नवा शेल त्याला फंक्शन समजे, आणि फंक्शन संपल्यावर पुढें आणखी शब्द असले तर तेही आज्ञा म्हणून पार पाडी! संकेतस्थळें चालविणारे प्रोग्राम परक्या पाहुण्यानें पाठविलेला मजकूर याच वाटेनें शेलपर्यंत पोहोंचवीत. म्हणजे दारावरच्या कोणीही दुभाष्याच्या कानांत कांहींही सांगावें आणि त्यानें तें घरांत जाऊन करावें, अशी अवस्था पंचवीस वर्षें होती. स्तेफान शाझलास यांनीं हें व्यंग हुडकून रेमी यांना कळविलें. २४ सप्टेंबर रोजीं तें जाहीर झालें, आणि ‘शेलशॉक’ या नांवानें जगभरच्या यंत्रशाळांत एकच धांवाधांव उडाली. पहिली दुरुस्ति अपुरी ठरली, दुसरी करावी लागली. अखेरीस फंक्शनांसाठीं एका खास ठेवणीचें नांव राखून ठेवण्यांत आलें आणि इतर नांवांकडे संशयानें पाहण्यास शेलला शिकविलें गेलें.

त्या जागीं आधींच्या एखाद्या आवृत्तींत ‘हीं फंक्शनें अमुक रूपानें जातात’ असें पूर्ण वाक्य लिहिण्याचा कोणी प्रयत्न केला असता तर? तें लिहितांनाच लेखणी अडखळली असती, असें मला वाटतें. मॅकिलरॉय यांच्या वेळीं ती अशीच अडखळे.

आवृत्त्यांच्या या पसाऱ्यांत सामान्य वाचकाची एक निराळीच फसगत होते. बॅशची चौथी मालिका २००९ त निघाली, ती मुक्त-परवान्याच्या तिसऱ्या, अधिक कडक मसुद्याखालीं. ॲपल कंपनीनें आपल्या यंत्रांवर त्यापूर्वींची, २००६ मधील ३.२ हीच आवृत्ति ठेविली आणि २०१९ सालीं नव्या खात्यांसाठीं ‘झी-शेल’ हा दुसराच शेल पुढें केला. संदर्भग्रंथ मात्र पुढें जात राहिला. २०२२ त ५.२, जुलै २०२५ त ५.३. एखादा विद्यार्थी नवा ग्रंथ उघडतो, शब्दावरून मूल्य काढून देणाऱ्या तक्त्यांचें प्रकरण वाचतो, तें अक्षरशः टंकतो, आणि यंत्रावरचा जुना बॅश त्याला ‘असला पर्याय नाहीं’ म्हणून सांगतो. ग्रंथ खरा, यंत्र खरें, विद्यार्थीही निर्दोष. आवृत्त्या तेवढ्या दोन. मुखपृष्ठावरील आंकडा वाचण्याची संवय आपल्याकडील वाचकांस फारशी नाहीं, आणि दुर्दैवानें शेलच्या बाबतींत पहिल्यानें वाचावयाची गोष्ट तीच आहे.

बॅशच्या त्या जुन्या वळणाच्या पुस्तकाच्या अखेरीस ‘दोष’ हा १९७१ चाच मथळा आजही आहे. त्याखालीं कर्त्यांनीं अगदी पहिली तक्रार नोंदविली आहे ती अशी कीं, हा शेल फार मोठा झाला आहे आणि फार सावकाश चालतो.