क्रुसावरची अक्षरे

भंडारा जिल्ह्यातले तुमसर गाव आणि तुमसर रोड स्टेशन या दोन वेगळ्या जागा. धानाची बाजारपेठ गावात, तर रेल्वे देव्हाडीला. चिखल्याच्या आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीजसाठी तिरोडीकडे फाटा निघाला तो फार पुढे. 1893 साली इथून एकच वाट जात होती, नागपूरहून गोंदिया, डोंगरगड करत राजनांदगावला. आधी ती छत्तीसगड रेल्वेची मीटरगेज होती. 1887 मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर कंपनीने ती घेतली आणि रुंद केली. 1893 मध्ये याच मार्गाने कवी नारायण वामन टिळक नोकरीसाठी राजनांदगाव संस्थानाकडे निघाले होते. डब्यात एक अनोळखी युरोपियन गृहस्थ भेटले. बोलणे संस्कृत काव्यावरून सुरू झाले आणि धर्मावर आले. उतरताना त्यांनी नवा करार हातात ठेवला, वाचण्याचे वचन घेतले आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे सांगून ते गेले. टिळकांनी वाचायला घेतले ते दिलेला शब्द पाळायचा म्हणून. महत्त्वाच्या ओळींवर पेन्सिलीने खुणा करायची त्यांची सवय होती. डोंगरावरील प्रवचनापाशी ते आले आणि तिथून त्यांना पुढे सरकवेना. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

या गोष्टीत चर्च नाही, पाद्री नाही, मतांची कलमे नाहीत. एक पुस्तक, एक वाचणारा आणि धावती गाडी, एवढेच. त्यामुळे साध्या ख्रिस्ती श्रद्धेचा विषय निघाला की टिळकांचे नाव हटकून येते आणि त्यातून एक निष्कर्षही काढला जातो: खरी श्रद्धा संस्थेच्या बाहेर असते आणि संस्था आली की ती मरते. मला हा निष्कर्ष अपुरा वाटतो. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसांचा इतिहास नीट पाहिला तर त्यांचे भांडण संस्थेशी होते त्यापेक्षा जास्त भाषेशी होते. देवाशी कोणाच्या शब्दांत बोलायचे, हा त्यांचा प्रश्न होता. जिथे आपले शब्द मिळाले तिथे साधी श्रद्धा संस्थेच्या आतही जगली. जिथे मिळाले नाहीत तिथे ती घुसमटली.

पंडिता रमाबाईंचेच पाहा. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटिज येथे त्यांनी अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला. पाठोपाठ वाद सुरू झाले. त्रैक्य, ख्रिस्ताचे देवत्व, कुमारीच्या पोटी जन्म, या मतांवर सही करा म्हटल्यावर त्या अडल्या. बायबल आणि माझी सदसद्विवेकबुद्धी मला पुरे, अशी त्यांची भूमिका होती. वाँटिजच्या सिस्टर जेराल्डाइन यांच्याशी यावरून झालेल्या पत्रव्यवहारात एक छोटी गोष्ट आहे आणि ती मला सगळ्या मतभेदांपेक्षा मोठी वाटते. क्रुसावरची अक्षरे लॅटिन होती. रमाबाईंचे म्हणणे, ती संस्कृत असावीत. लॅटिन आमच्याकडे कोणाला कळते? वरवर पाहता ही कोरीव कामाची तक्रार आहे. पण हिंदुस्थानात सेवा करायला निघालेल्या बाईने गळ्यात वागवायची खूणच परकी असेल, तर ती खूण कोणासाठी, हा प्रश्न त्यामागे आहे. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनात त्यांनी स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खे बायबल मराठीत आणले. आधीच्या भाषांतरातले जड संस्कृत शब्द त्यांना खटकत होते, कारण त्या शब्दांना जुन्या तत्त्वज्ञानाचा वास येतो आणि खेड्यातल्या बाईला ते समजतही नाहीत. मुक्तीतल्या मुलींनीच खिळे जुळवले आणि पाने छापली. एप्रिल 1922 मध्ये रमाबाई गेल्या तेव्हा हे काम जेमतेम हातावेगळे झाले होते. तरुणपणी क्रुसावर संस्कृत मागणारी ही विदुषी शेवटी निरक्षर बाईच्या मराठीपाशी येऊन थांबली, आणि हा प्रवास माझ्या मते मतांच्या कोणत्याही यादीवरच्या सहीपेक्षा अवघड होता.

टिळकांची दिशा वेगळी. ते संतांच्या भाषेकडे गेले. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते उघडपणे मानत. अमेरिकन मराठी मिशनमध्ये अहमदनगरला राहून त्यांनी अभंग रचले, भजने रचली, पुढे 'ज्ञानोदया'चा मराठी भाग सांभाळला, 'ख्रिस्तायन' लिहायला घेतले. त्यांचा ख्रिस्त गुरू होता, सखा होता, माउली होता. यात मत नव्हते असे नाही. ख्रिस्त तारणारा आहे याबद्दल टिळकांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. फक्त ते मत कलमांच्या यादीऐवजी अभंगात बसत होते. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा मार्ग तर आणखी साधा. नवऱ्याच्या मागोमाग त्या गेल्या नाहीत. जवळपास 5 वर्षे त्या सोवळ्याओवळ्यात राहिल्या. 'स्मृतिचित्रे'त त्यांनी स्वतः सांगितले आहे की जातिभेद देवाने केला असेल का, याचा विचार त्यांचा त्यांनीच केला आणि नाही असे उत्तर मिळाल्यावर कोणाच्याही हातचे पाणी घ्यायचे ठरवले. बाप्तिस्मा 1900 मध्ये, म्हणजे त्यानंतर. धर्मशास्त्र त्यांच्यापर्यंत पाण्याच्या भांड्यातून पोचले.

ही ओढ प्रॉटेस्टंटांपुरती नव्हती, की एकोणिसाव्या शतकापुरती. गोव्यात राशोलला 1616 मध्ये फादर स्टीफन्सनी 'क्रिस्तपुराण' छापले, दहा हजारांहून अधिक ओव्यांचे. जेझुइट संस्थेचा शिस्तबद्ध माणूस, पण लिहिले ओवीत. 1684 मध्ये पोर्तुगीज सरकारने फर्मान काढले की 3 वर्षांत लोकांनी आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे. तरी पुराण हस्तलिखितांतून टिकले. एकाच संस्थेत ओवी लिहिणाराही होता आणि तिच्या आश्रयदात्या सत्तेत भाषा पुसणाराही. म्हणून 'संस्था' या एका शब्दाने काहीच सिद्ध होत नाही.

यावर पहिली हरकत नेहेम्या गोऱ्ह्यांच्या आयुष्यातून येते. काशीचे हे नीलकंठशास्त्री 1848 मध्ये ख्रिस्ती झाले आणि जन्मभर शंकांनी पोळत राहिले. त्यांना साधेपणात विसावा मिळेना. अधिकार हवा होता, परंपरा हवी होती, आणि ती त्यांना अँग्लिकन चर्चच्या कर्मठ शाखेत, कौली फादर्स या धर्मसंघाच्या सहवासात मिळाली. नुसत्या भावनेवर उभी राहिलेली श्रद्धा उद्या कशातही विरघळेल, असे त्यांच्यासारखा माणूस म्हणेल. हरकत खरी आहे. रमाबाईंना ख्रिस्तापर्यंत आणणाऱ्यांत गोऱ्हेही होते, हे विसरून चालत नाही. पण मत असणे आणि ते प्रवेशपरवाना म्हणून दारावर टांगणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. टिळक आणि रमाबाई दोघेही दुसऱ्या गोष्टीवर अडले, पहिलीवर नाही.

दुसरी हरकत मला जास्त महत्त्वाची वाटते. अहमदनगरच्या मंडळ्या ज्यांच्या जोरावर उभ्या राहिल्या ते बहुतेक महार आणि मांग समाजातले लोक होते. त्यांच्या दृष्टीने मिशन म्हणजे शाळा, बोर्डिंग, दुष्काळातले धान्य, गावच्या पाटलासमोर बोलणारा कोणीतरी. संस्थेचा कंटाळा येणे ही पोटापाण्याची भ्रांत नसलेल्यांची चैन, असे कोणी म्हटले तर त्याला खोडून काढणे सोपे नाही. 1897 च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून, म्हणजे भंडारा जिल्हा तेव्हा ज्यात होता त्याच मुलखातून, सुमारे 300 मुली केडगावला नेल्या. तिथे त्यांना खायला घालायला घरे, विहिरी आणि हिशेबाच्या वह्या लागल्या, नुसती भक्ती पुरली नाही. हे सगळे मान्य. पण या लोकांनाही आपल्या आवाजात गायचे होते. टिळकांच्या कितीतरी आधी, 1860 च्या दशकात, अहमदनगरला ख्रिस्ती कीर्तने होत होती. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांचे नाव त्या कीर्तनांशी जोडलेले आहे. चोखोबांचा अभंग ज्यांच्या कानावर पिढ्यानपिढ्या होता, त्यांना टिळकांचा अभंग वरून लादलेला वाटायचे कारण नव्हते. धान्य मिशनने दिले, टाळ मात्र त्यांच्या घरातच होते.

राहिला देवाचा दरबार. 1917 मध्ये टिळकांनी मिशन सोडले, पगार सोडला आणि साताऱ्याला हा बंधुवर्ग सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला मानणारे सगळे त्यात यावेत. नवा पंथ काढायचा नव्हता. 9 मे 1919 रोजी टिळक वारले आणि दरबार मोडला. संस्थेवाचून श्रद्धा टिकत नाही, याचा पुरावा म्हणून हे उदाहरण दिले जाते. मी ते उलट बाजूने वाचतो. दरबार टिकला नाही, पण ज्या मिशनमधून ते बाहेर पडले त्याच्याच मंडळ्यांनी त्यांची गीते सोडली नाहीत. 'उपासना संगीत' या त्यांच्या गीतसंग्रहात टिळकांची शंभराहून अधिक पदे आहेत. 'ख्रिस्तायना'चे थोडेच अध्याय टिळकांच्या हातून झाले होते, उरलेले लक्ष्मीबाईंनी पुरे केले. साधी श्रद्धा दरबारात राहिली नाही, पण संस्थेच्याच पुस्तकात, तिच्याच रविवारी, तिच्याच बाकांवर बसून गायली जात राहिली. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात 6 परंपरांच्या चर्चांनी एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केले. लहान मुलांना बाप्तिस्मा द्यावा की जाणत्यांनाच, या जुन्या वादात त्यांनी दोन्ही रीती मान्य केल्या. मतांची ती गाठ सोडवायला वर्षानुवर्षे वाटाघाटी कराव्या लागल्या. टिळकांची भजने मात्र त्याआधीपासून या पंथांतल्या मराठी मंडळ्यांत गायली जात होती आणि ती म्हणण्यासाठी कोणाला कसला ठराव करावा लागला नव्हता.