बोरीबंदरसाठी एक पान

साल १८८४. क्रॉफर्ड मार्केटपाशी घोड्यांच्या ट्राममधून तुम्ही उतरता आणि समोरच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात शिरता. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७मध्ये ही शाळा उभी राहिली. स्वतःची इमारत मिळून मात्र जेमतेम सहा वर्षं झाली आहेत.

आज तुमच्या पुढ्यात ओल्या मातीचा गोळा आहे. इथून चालत जाण्याच्या अंतरावर बोरीबंदरच्या रेल्वे स्थानकाच्या भव्य इमारतीचं काम जोरात आहे. आराखडा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचा, पण तिच्या खांबांवर, कमानींवर चढणारी पानंफुलं, मोर, माकडं घडवायचं काम आलंय तुमच्या शाळेकडे. त्यावर देखरेख जॉन ग्रिफिथ्स यांची. विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन तिथल्या चित्रांच्या नकला करून घेणारे ते हेच.

तुमच्या वाट्याला एक पान आलंय. झाडावरचं पान समोर ठेवून तुम्ही त्याची शीर न् शीर मातीत उतरवली आहे. मास्तर काही बोलत नाहीत, मातीचं पान असलेला पाट उचलून नुसता उंच फळीवर ठेवायला लावतात. खालून पाहता, तर सगळ्या शिरा गायब! पान म्हणजे नुसता थापलेला लगदा.

तुम्ही पाट खाली घेता. बारीक शिरा पुसून टाकता, मधली तेवढी ठेवता आणि तिच्या दोन्ही अंगांनी कोरणी खोल घालता. आता तिथे सावली धरते. पातळ कड दगडात टिकणार नाही, म्हणून टोक मागे वळवून खालच्या देठाला टेकवता. पानाच्या खोलगटात पावसाचं पाणी साचेल, म्हणून त्याला बाहेरच्या बाजूला उतार देता. मग प्लास्टरचा साचा, साच्यातून नमुना, आणि नमुना पाथरवटाच्या हाती.

कागदावर तुमचंच राज्य होतं. इथे ऊन, पाऊस, उंची आणि दुसऱ्याची छन्नी, या सगळ्यांशी जमवून घ्यावं लागतं, आणि त्यातूनच पान अधिक चांगलं होतं.

१९३५मध्ये याच संस्थेत कमर्शियल आर्टचा विभाग निघेल. तिथे पोस्टरसमोर बसलेल्या विद्यार्थ्यापुढेही पहिला प्रश्न हाच असेल: हे कोण पाहणार, कुठून, किती लांबून? त्याचं उत्तर सापडेपर्यंत माती ओली ठेवा.