रोखे बाजाराची सावध नजर

शेअर बाजार आणि रोखे बाजार एकाच अर्थव्यवस्थेकडे पाहतात, पण दोघांची दृष्टी भिन्न असते. समभाग घेणारा कंपनीच्या भावी नफ्यातील वाटा विकत घेतो. त्याच्या लाभाला वरची मर्यादा नसल्याने तो स्वभावतः आशावादी असतो. रोखे घेणारा मात्र पैसे उसने देतो. मुदतीअखेर मुद्दल आणि ठरलेले व्याज याहून अधिक त्याच्या पदरात काही पडायचे नसते. बुडाले तर मात्र मुद्दलच बुडते. साहजिकच महागाई, व्याजदर आणि कर्जफेडीची क्षमता यांवर त्याचे लक्ष अधिक असते.

ही मानसिकता मोजण्याची साधनेही वेगवेगळी आहेत. शेअर बाजारातील धास्ती 'व्हिक्स' निर्देशांकातून, तर अमेरिकी सरकारी रोख्यांतील धास्ती 'मूव्ह' निर्देशांकातून कळते. रोख्यांची किंमत वाढली की परतावा घटतो. दीर्घ मुदतीच्या रोख्यांचा परतावा अल्प मुदतीच्या परताव्याहून खाली गेला, तर पुढे व्याजदर उतरतील, म्हणजेच अर्थव्यवस्था मंदावेल, अशी गुंतवणूकदारांची अपेक्षा असल्याचे मानले जाते.

अमेरिकेत २००६ च्या उत्तरार्धापासून २००७ च्या पूर्वार्धापर्यंत बहुतेक काळ हेच चित्र होते. ९ ऑगस्ट २००७ रोजी फ्रान्सच्या बीएनपी पारिबा बँकेने तीन फंडांतून पैसे काढण्यास स्थगिती दिली आणि कर्जबाजार धास्तावला. तरीही बरोबर दोन महिन्यांनी, ९ ऑक्टोबरला, डाऊ जोन्स १४,१६४ या तत्कालीन विक्रमी पातळीवर बंद झाला. डिसेंबर २००७ मध्ये मंदी सुरू झाली आणि ९ मार्च २००९ पर्यंत डाऊ ६,५४७ वर घसरला.

याचा अर्थ रोखे बाजार नेहमीच अचूक ठरतो, असा नव्हे. जुलै २०२२ पासून दोन वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत दहा वर्षांच्या रोख्यांचा परतावा दोन वर्षांच्या रोख्यांहून कमी होता. त्या अवधीत मंदी आली नाही. उलट २०२३ मध्ये 'एस अँड पी ५००' सुमारे २४ टक्क्यांनी वाढला. केवळ रोख्यांचा कौल मानून समभाग विकणाऱ्यांची संधी हुकली.

भारतात हा संकेत आणखी जपून वाचावा लागतो. येथील बँकांना वैधानिक तरलता प्रमाणापोटी सरकारी रोखे बाळगावेच लागतात. त्यामुळे रोख्यांच्या मागणीमागे नियमांची सक्तीही असते. रिझर्व्ह बँकेच्या 'रिटेल डायरेक्ट' योजनेने नोव्हेंबर २०२१ पासून सर्वसामान्यांना सरकारी रोख्यांची थेट खरेदी खुली झाली आहे.

दोन्ही बाजारांचा सूर जुळत नसेल, तर कोण खरे याची पैज लावण्यापेक्षा आपली गरज तपासणे श्रेयस्कर. येत्या दोन-तीन वर्षांत लागणारा पैसा समभागांच्या उत्साहावर सोपवू नये, आणि पंधरा वर्षांनी लागणारा पैसा रोख्यांच्या धास्तीपोटी अडकवून ठेवू नये.