भिंत आणि वळण

चंद्रपूर आणि १९८२ सालीं त्यांतून वेगळा झालेला गडचिरोली, हे जिल्हे जसे अरण्याचे तसेच पाण्याचेहि होत. वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमांतून प्राणहिता निघते व सिरोंचाजवळ गोदावरीस मिळते. शिवाय ठिकठिकाणीं जुने मालगुजारी तलाव आहेत. परंतु नदीला वाळूचा कांठ आणि तलावाला मातीची उतरती पाळ; पाय रोवून रेटा द्यावा अशी उभी भिंत तेथें नसते. पैलतीर गांठणाऱ्यास ती लागतहि नाहीं. शर्यतींत मात्र तिच्यावांचून चालत नाहीं.

छातीवरील पोहण्याची, म्हणजे ब्रेस्टस्ट्रोकची, शर्यत ऑलिंपिकमध्यें १९०४ सालापासून आहे. २०० मीटरांच्या शर्यतींत ५० मीटर लांबीच्या तलावांत ३ वळणें येतात, तर २५ मीटरांच्या तलावांत ७. भिंतीला दिलेल्या रेट्यानें मिळणारा वेग हातापायांच्या वेगाहून अधिक असतो. शिवाय पृष्ठभागावर लाटांचा जो विरोध होतो, तो खोल पाण्यांत फारच कमी. म्हणून वळल्यावर पाण्याखालींच राहण्याचा मोह होतो.

या मोहाचा इतिहास मनोरंजक आहे. १९५६ सालीं मेलबर्न येथें जपानच्या मासारू फुरुकावानें २०० मीटरांचें सुवर्णपदक जिंकलें, तें शर्यतीचा बराच भाग पाण्याखालून पोहून. त्यानंतर नियम कडक झाला: प्रारंभीं व प्रत्येक वळणानंतर पाण्याखालीं हातांचा एकच ओढा आणि पायांची एकच लाथ. पुढें २००४ सालीं अथेन्स येथें कोसुके किताजिमाच्या माशाच्या शेपटीसारख्या लाथेवरून वाद माजला; आणि २००५ सालीं तशी एक लाथ नियमानेंच मान्य झाली.

आज चांगलें वळण असें घेतात. दोन्ही हात एकमेकांपासून अलग ठेवून एकाच क्षणीं भिंतीला लावावयाचे. एक हात आधीं लागला तर पोहणारा बाद ठरतो. लगेच एक कोपर मागें ओढून गुडघे पोटाशीं घ्यावयाचे, आणि दुसरा हात डोक्यावरून पुढें न्यावयाचा. पावलें भिंतीला टेकतांच अंग बाणासारखें ताणून रेटा द्यावयाचा, आणि भिंत सोडतांना छाती खालीं करावयाची. मग कांहीं काळ नुसतें सरकावें. वेग ओसरूं लागतांच हातांचा तो एक ओढा मांड्यांपर्यंत न्यावा, लाथ मारावी आणि वर यावें. घाईनें आधींच ओढा घेतला, तर भिंतीनें दिलेला वेग वायां जातो. उशीर केला, तर अंग थबकतें.

यांत दमाचा वा बळाचा भाग थोडा, सरावाचा मोठा. प्राणहितेच्या कांठीं वाढलेल्या मुलाजवळ दम आणि बळ असूं शकेल. भिंतीशीं ओळख मात्र त्याला नदी करून देऊं शकत नाहीं. अशा मुलाला शर्यतींत उतरवावयाचें, तर आधीं बांधीव तलाव, नियम जाणणारा शिक्षक आणि रोजचीं दहा-वीस वळणें त्याच्या वांट्यास आलीं पाहिजेत. तेवढें न देतां पराभवाचा दोष त्याच्या अंगबळाला देणें न्याय्य होणार नाहीं.