विषाणूचे सुटे प्रथिन (अपघाती संपर्क)

विषाणूच्या कवचातून वेगळे काढलेले किंवा यीस्टसारख्या पेशींकडून तयार करवून घेतलेले प्रथिन अथवा त्याचा तुकडा. लशी व चाचणीसंचांत वापर. सोबत जनुकीय द्रव्य नसल्याने ते अंगात गेले तरी वाढत नाही आणि संसर्गही करत नाही. 1956 साली तंबाखूच्या मोझेक विषाणूवर हे स्पष्ट झाले : नुसते प्रथिन पानावर चोळले तर काहीच होईना, नुसते आरएनए चोळले की पान रोगट होई.

हिपॅटायटिस बीच्या लशीत नेमके असेच पृष्ठप्रथिन असते. प्रौढांना दर मात्रेस साधारण 20 मायक्रोग्रॅम, तेही मुद्दाम टोचून. गंमत अशी, की लस घेतल्यावर काही दिवस रक्तात हे प्रथिन सापडते आणि निरोगी माणसाची चाचणी ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकते.

सगळीच प्रथिने मात्र इतकी गरीब नसतात. रोटाविषाणूचे एनएसपी-4 हे प्रथिन एकटेच, किंबहुना त्याचा छोटा तुकडाही, उंदरांच्या पिल्लांना जुलाब लावतो. शिवाय कोणतेही परके प्रथिन पुन्हापुन्हा श्वासातून गेले, तर ॲलर्जी जडू शकते.

सुरत, 1994 : सप्टेंबरात शहरात फुप्फुसी प्लेगची साथ आली, लाखो माणसे गाव सोडून गेली, औषधांच्या दुकानांत टेट्रासायक्लिन मिळेनासे झाले. प्लेग हा विषाणूचा नव्हे, यर्सिनिया पेस्टिस या जिवाणूचा रोग. तरी सुटे प्रथिन आणि जिवंत जंतू यांतला फरक समजायला हेच उदाहरण सोयीचे. निदानासाठी रुग्णांच्या रक्तात एफ-वन या जिवाणूच्या आवरण-प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे शोधली गेली. अशा चाचणीत वापरलेल्या शुद्ध एफ-वनने कोणाला प्लेग होत नाही. रुग्णाच्या थुंकीने होतो, आणि नमुना तपासणाऱ्याच्या टेबलावर दोन्ही शेजारीशेजारी असू शकतात.

म्हणून अपघात झाला की प्रथिनाच्या नावाआधी त्याची पैदास विचारावी : ते यीस्टमध्ये बनवले, की विषाणू वाढवून मग मारला? दुसऱ्या प्रकारात विषाणू निष्क्रिय करण्याची प्रक्रिया अपुरी राहिली असेल, तर कुपीत जिवंत विषाणू उरलेला असतो. सुई टोचल्यास जागा साबण-पाण्याने धुवावी, पिळू नये, डोळ्यांत उडाल्यास भरपूर पाण्याने धुऊन डॉक्टरांना कुपीवरचे लेबल दाखवावे.

पाहा : प्रतिजन, प्रतिपिंड, हिपॅटायटिस बी, प्लेग.